सातव्या डावातले चाळीस सेकंद

मीनलच्या कानांचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी उगीच माझी बाजू घेत बसणार नाही. गेली अकरा वर्षं आम्ही दोघी एका खोलीत पाठीला पाठ लावून बसतो, एकमेकींच्या डब्यातलं खातो, आणि या अकरा वर्षांत असा आठवडा गेला नसेल की मला तिचा हेवा वाटला नाही.

आधी कामाबद्दल. इथे गल्फमध्ये जुमेरा लेक टॉवर्स म्हणून इमारती आहेत, त्यातल्या एकीत चौदाव्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हटलं की लोकांना वाटतं, गाणीबिणी रेकॉर्ड होत असतील. तसलं काही नाही. लोक जुन्या टेपा आणून देतात. कॅसेट, व्हिडिओ कॅसेट, आणि त्याच्याही आधीच्या, मोठ्या चकतीवर गुंडाळलेल्या स्पूल टेपा. आम्ही त्यातला आवाज काढतो, साफ करतो, पेन ड्राइव्हवर घालून देतो.

इकडे या धंद्याला मरण नाही. एके काळी गल्फमधून घरी पत्रं कमी आणि कॅसेट जास्त जात. ज्यांना लिहिता येत नसे ती माणसं लेबर कॅम्पमध्ये टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलत आणि गावी जाणाऱ्याच्या बॅगेत कॅसेट कोंबत. त्रिशूरचे एक गृहस्थ वडिलांची अशी कॅसेट घेऊन आले होते. आम्हाला मल्याळम येत नाही, म्हणून शेवटी मी विचारलं, काय म्हणतात वडील? ते म्हणाले, "विहीर किती खोल खणायची, तेवढंच. अख्खी साइड विहीरच आहे." आणि तिथेच बसून त्यांनी ती अख्खी साइड दोनदा ऐकली. शारजाहून एक बाई लग्नाचा व्हिडिओ घेऊन आल्या. काम झाल्यावर हळूच विचारतात, सासूबाईंचा आवाज तेवढा कमी करून मिळेल का. आमचा मालक नबील लेबनीज आहे. तो म्हणाला, "मॅडम, ते काम साहेबांना सांगा."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातली म्हणजे दोन्हीकडच्या, आईच्या आणि वडिलांच्या. इचलकरंजीला वडील यंत्रमागावर होते आणि आमची खोली कारखान्याला लागून. मागाचा खडखडाट चोवीस तास चालू, त्यामुळे आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलत. ते भांडण नसे. त्या खोलीत मी बी.एस्सी. फिजिक्स केलं. कशीबशी नाही, फर्स्ट क्लास. ही पदवी मला कोणी दिलेली नाही, मी मिळवली, आणि अजूनही कोणी "बेसिकली तुम्ही टेक्निशियन ना" म्हणालं की मी शांतपणे पदवीचं नाव सांगते.

पण त्या खोलीनं घ्यायचं ते घेतलंच. चाळिशीत कानांची तपासणी केली तेव्हा कळलं की वरच्या पट्टीतले बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत. आवाजाच्या धंद्यात ही गोष्ट कोणी सांगत फिरत नाही. मीही नाही सांगितली. मी डोळ्यांनी ऐकायला शिकले. कॉम्प्युटरवर आवाजाचं चित्र उमटतं, खालचे स्वर खाली, वरचे वर. ते चित्र मला पुस्तकासारखं वाचता येतं. जे मला ऐकू येत नाही ते मला दिसतं.

आणि मीनल. पुण्याची. आजोबा गायचे, आई गाते, घरात कोपऱ्यात तंबोरा. आमच्या कोपऱ्यात रॉकेलचा कॅन. मीनल हेडफोन लावते, डोळे मिटते आणि म्हणते, "सुरेखाताई, हा माणूस पडशानं बोलतोय, फिल्टर नको लावूस." मी फिल्टर काढून बघते, तर खरंच. तिनं यासाठी काय केलं? जन्म घेतला. एवढंच.

आता त्या टेपेकडे येते.

मिस्टर वॉल्टर डोंगरापलीकडच्या खोर फक्कानहून आले, दीड तास स्वतः गाडी चालवत. अमेरिकन, पंचाहत्तरीचे, उंच, उन्हानं रापलेले. तिथल्या बंदरावर क्रेन बसवायला म्हणून ऐंशीच्या सुमाराला आले आणि राहूनच गेले. त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक स्पूल टेबलावर ठेवली.

"बेसबॉलची मॅच आहे," ते म्हणाले. बोलणं अर्थात इंग्रजीत, मी आपल्या भाषेत सांगतेय.

"फायनल?" नबीलनं विचारलं.

"नाही. साधीच. सीझनमधली एक. वर्षाला दीडशेच्या वर होतात तसल्या."

"कोण जिंकलं?"

"समोरचे. आमची टीम त्या वर्षी शेवटून पहिली होती."

नबीलनं माझ्याकडे पाहिलं. माझ्याही मनात तेच, की हरलेल्या टीमच्या बिनमहत्त्वाच्या मॅचसाठी माणूस डोंगर ओलांडून आला. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ डेनिस चेंडू फेकायचा. सहा-सात वर्षं लहान गावांच्या टीममध्ये बसनं हिंडून खेळला. वरच्या लीगमध्ये जायची सगळ्यांची धडपड, तशी त्याचीही. सत्तरच्या दशकात एकदा वरच्या टीमचे दोन पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, एकाच आठवड्यात जखमी झाले आणि डेनिसला बोलावणं आलं. तो एक मॅच खेळला. त्यातही एकच डाव, सातवा. पुढच्या आठवड्यात परत खाली पाठवला आणि दोन वर्षांत खेळ सोडून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात लागला.

"त्या दिवशी रेडिओवर कॉमेंटरी होती. स्वयंपाकघरात टेबलावर रेडिओ, समोर माइक, आणि मी रेकॉर्ड केलं," मिस्टर वॉल्टर म्हणाले. "ही तीच टेप. डेनिसकडे असते. आता चिकटलीय, चालत नाही. महिन्याभरानं तो ऐंशीचा होतोय. त्याची नजर गेलीय. बघणं संपलं, ऐकणं उरलंय."

मग जाता जाता म्हणाले, "सातव्या डावात एके ठिकाणी चाळीस सेकंद आवाज नाही. रेडिओचा सिग्नल गेला होता. त्याचं काही करू नका, ते तसंच आहे."

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. डिस्कव्हरी गार्डन्सला घरी येऊन मुलीला विचारलं. ती इथेच जन्मली, शाळेत कसलंतरी बॅटबॉल खेळलीय. ती म्हणाली, "आई, इट्स क्रिकेट, बट नोबडी गेट्स टू सेटल डाउन." तिनं समजावलं त्यातलं कामाचं एवढंच, की फलंदाजाला चेंडू तीनदा हुकला की तो बाद. विकेट नाही, स्टंप नाही. चेंडू फेकणाऱ्यानं तिघांना घरी पाठवलं की डाव संपला. मिस्टर वॉल्टरांनी सांगितलं होतं, डेनिसच्या डावातला तिसरा फलंदाज त्या काळचा फार मोठा खेळाडू होता. तो तीनदा हुकला. डेनिसच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण तोच, आणि सिग्नल नेमका तेव्हाच गेलेला.

अशी चिकट झालेली टेप सरळ मशीनवर लावली तर तिच्यावरची पूड खरवडून निघते आणि आवाज कायमचा जातो. म्हणून आधी ती भाजतात. भाजतात म्हणजे फळं वाळवायच्या यंत्रात, पन्नास-पंचावन्न डिग्रीत, आठ तास. आपण सांडगे वाळवतो तसं. मग काही दिवस टेप शहाण्यासारखी वागते, तेवढ्यात काम उरकायचं.

टेप चालली. पहिला प्रश्न वेगाचा. पन्नास वर्षांपूर्वी ते मशीन नेमकं किती वेगानं फिरत होतं, ते कसं कळणार? याची एक युक्ती आहे आणि ती माझी आवडती आहे. विजेच्या तारा गुणगुणतात. घरातली वीज सेकंदाला ठरावीक वेळा उलटसुलट होते, आणि जवळ चाललेल्या कुठल्याही रेकॉर्डिंगमध्ये ती घूं अशी खाली बारीक उतरते. अमेरिकेत ती साठची, आपल्याकडे आणि इथे गल्फमध्ये पन्नासची. टेपेवरची गुणगुण शोधायची, ती बरोबर साठवर येईपर्यंत वेग जुळवायचा. मी दीड तास बसून जुळवला.

मीनलनं चहाचा कप ठेवला, एक कान हेडफोनला लावला आणि म्हणाली, "मैदानात ऑर्गन वाजतोय बघ मागे. किंचित उतरलाय." तिनं बटण एवढंसं फिरवलं. "आता झाला." मी आकडा पाहिला. मी दीड तासानं काढलेला, अगदी तोच. तिला दीड मिनिट लागलं होतं, त्यातही एक मिनिट चहा ढवळण्यात गेलं.

मिस्टर वॉल्टर दर चार दिवसांनी येत आणि मीनलच्या शेजारी बसत. "तुला कान आहेत," ते तिला म्हणायचे. माझ्याकडे वळून म्हणायचे, "आणि तुमची कॉफी छान असते." कॉफी नबीलच्या मशीनची होती.

एका दुपारी मी एकटीच होते. सातव्या डावातली ती चाळीस सेकंदांची जागा स्क्रीनवर मोठी करून बघत होते. कारण नव्हतं, आपल्याला काही सापडावं, एवढीच इच्छा. आणि सापडलं. सबंध टेपेवर तळाशी दोन रेषा होत्या. एक साठची, एक पन्नासची. त्या चाळीस सेकंदांत साठची रेषा नव्हती. पन्नासची होती.

हे समजायला पदवी लागत नाही. रेडिओचा सिग्नल गेला असता तर रेडिओ गप्प झाला असता. स्वयंपाकघर नाही. तिथली वीज गुणगुणतच राहिली असती. म्हणजे ही टेप मूळची नव्हतीच, नक्कल होती. मूळ टेप अमेरिकेत झाली, साठवर. नक्कल जिथे वीज पन्नासची आहे अशा देशात झाली, आणि नक्कल करताना कोणीतरी चाळीस सेकंद आवाजाचं बटण खाली आणून ठेवलं होतं.

मी कोणाला काही बोलले नाही. मला तेव्हा त्यात वॉल्टर दिसलेच नाहीत, डेनिस दिसला नाही. मला फक्त हे दिसलं की मीनलनं हे कितीदा ऐकलं आणि तिच्या कानाला ते कळलं नाही. मला कळलं.

काम झाल्यावर गिऱ्हाइकाला समोर बसवून ऐकवायची आमच्याकडे पद्धत आहे. सगळे बसतात. त्या संध्याकाळी मिस्टर वॉल्टर निळा शर्ट घालून आले होते आणि त्यांनी आम्हाला न सांगता डेनिसला फोन लावून स्पीकरवर घेतलं. आमचे संध्याकाळचे सहा, त्यांची सकाळ.

"वॉल्ट म्हणतो तिथे जादूगार बायका आहेत," फोनमधून आवाज आला. खणखणीत, हसरा.

"एक आहे," मिस्टर वॉल्टर म्हणाले आणि मीनलच्या खांद्यावर थोपटलं.

हे त्यांनी केलं नसतं तर मी गप्प बसले असते का? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारलाय. उत्तर देत नाही.

मीनलनं सातवा डाव लावला. मैदान, ऑर्गन, शेंगदाणे विकणाऱ्याची आरोळी, निवेदकाचा आवाज कालच्यासारखा. डेनिस मध्ये मध्ये बोलत होता, "हा चेंडू खाली गेला होता, हा बरोबर होता." मग ती जागा आली. शांतता. चाळीस सेकंद फार मोठे असतात.

"इथेच जातं," डेनिस म्हणाला. "दर वेळी वाटतं, या वेळी जाणार नाही. काही करता येत नाही ना, मुलींनो?"

"नाही सर," मीनल म्हणाली. "सिग्नलच नव्हता."

"सिग्नलचा प्रश्न नाही," मी म्हणाले.

मीनलनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बोलत गेले. साठ, पन्नास, स्वयंपाकघर, नक्कल. छान समजावलं मी. कॉलेजात तोंडी परीक्षेला समजावलं होतं तसं, एक एक पायरी. नबील त्याच्या अरबीत पुटपुटला, "खलास, सुरेखा, खलास," म्हणजे पुरे. मी थांबले नाही.

"म्हणजे कोणीतरी आवाज बंद केला," डेनिस म्हणाला.

"हो."

"आमच्या घरी नाही."

"नाही. जिथे पन्नासची वीज आहे तिथे."

"तसं कुठे असतं?"

"पुष्कळ देशांत आहे," मी म्हणाले. "इथे आहे."

फोनमध्ये त्यांच्या स्वयंपाकघरात काहीतरी उकळत होतं, ते ऐकू येत होतं.

"वॉल्ट," डेनिस म्हणाला, "डॅड गेल्यावर तू सुट्टीवर आलास, तेव्हा ही टेप मला दिलीस. तू तेव्हा तिकडेच राहत होतास."

मिस्टर वॉल्टर उठले. फोन त्यांनी उचलला नाही, टेबलावर तसाच राहिला. ते दाराशी गेले, परत आले, टॉवेल उचलला, घडी केली आणि निघून गेले. तिकडून डेनिसनंच फोन बंद केला. नंतर नबीलला त्यांच्या मागे खाली पार्किंगपर्यंत फोन घेऊन पळावं लागलं.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. मीनल हेडफोनची वायर गुंडाळत होती.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अगं, मागे नळ गळतोय सगळीकडे. खुर्ची करकरते. कोणीतरी खोकतं. आणि तिथे एकदम सगळं बंद. रेडिओ गेला तर नळ कसा थांबेल?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं होतं?" तिनं वायर खणात ठेवली. "ते म्हणाले होते ना, तसंच राहू दे म्हणून. तेव्हा त्यांच्याकडे बघितलं नाहीस तू. मी बघितलं."

म्हणजे तेही माझं नव्हतं. अकरा वर्षांत एक गोष्ट मी आधी पकडली म्हणून इतकं केलं, आणि ती तिच्याकडे आधीपासून होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मिस्टर वॉल्टरबद्दल वाईट वाटलं नाही. ते नंतर वाटलं, घरी, मुलीला सांगताना. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "सो यू वेअर राइट. इन फ्रंट ऑफ हिज ब्रदर. वाव, आई." मी तिला म्हटलं, खोटं बोलले का मी? "नो," ती म्हणाली. "दॅट्स व्हॉट मेक्स इट सो मीन."

नऊ दिवसांनी ते परत आले. दार मीनलनं उघडलं. तिला बाजूला करून म्हणाले, "ती पन्नासवाली बाई कुठाय?"

मी उभी राहिले. त्यांच्या हातात दुसरी स्पूल होती. टॉवेल तोच.

"ही खरी," ते म्हणाले. "इतकी वर्षं खोर फक्कानलाच होती. फेकवली नाही. डेनिस माझ्याशी बोलत नाहीये. त्याच्या मुलीकडून निरोप पाठवला, मूळ टेप असेल तर त्या बाईकडे दे, तिला खोटं बोलता येत नाही." मग खुर्चीत बसत म्हणाले, "चार दिवसांनी वाढदिवस आहे."

मला माफी मागायची होती. मी तशी सुरुवात केली तर त्यांनी हात हलवून थांबवलं. "यल्ला, चला," ते म्हणाले. "भट्टी लावा." आणि कबूल करते, त्या सगळ्यात मला एक गोष्ट फार सुखाची वाटली. त्या बाईकडे दे. मीनलकडे नाही.

टेप भाजली, लावली. एकच रेषा, साठची, आरंभापासून अखेरपर्यंत सलग. ते चाळीस सेकंद आले. तो मोठा फलंदाज तिसऱ्यांदा हुकला, मैदानात होते नव्हते तेवढे लोक ओरडले, निवेदक म्हणाला की हा नवा मुलगा कुठून आणला कोण जाणे, पण याला आता परत पाठवू नका. बस, इतकंच. मला नवल वाटलं. एवढ्यासाठी कोणी चाळीस वर्षं खोटं वागेल? ही तर परक्या माणसाची शाबासकी.

मग चित्र मोठं केलं तर निवेदकाच्या मागे आणखी एक पट्टा दिसला. पुसट. माणसाचा आवाज असतो तसा. रेडिओतला नव्हता, खोलीतला होता. माइकपासून लांब बसलेलं कोणीतरी त्याच वेळी बोलत होतं.

मला तो दिसत होता आणि ऐकू येत नव्हता. दोन दिवस मी त्याच्यामागे होते. निवेदकाला खाली घेतला, लोकांचा गलका कापला, तो आवाज वर ओढला. जितका ओढावा तितकी खडी हाती येई. शब्द लागेना. ते माझ्या कानांचं काम नव्हतं, आणि माझ्याकडे दुसरे कान नव्हते.

मी तसंच देऊ शकले असते. निवेदक स्वच्छ होता, डेनिसला हवं होतं ते होतं, आणि मागच्या पट्ट्याबद्दल मिस्टर वॉल्टर स्वतःहून काही बोलले नव्हते. काम माझ्या नावावर आलं होतं, पहिल्यांदा. मीनल पाठमोरी तिच्या कामात होती आणि तिनं या दोन दिवसांत एकदाही वळून पाहिलं नव्हतं. तो तिचा चांगुलपणा होता आणि मला तोही टोचत होता.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी मी खुर्चीतून उठले. "मीनल, इथे बस."

तिनं वळून विचारलं, "नक्की?"

"मला लागत नाहीये. मागे कोणीतरी आहे. तू बघ."

ती बसली. डोळे मिटले. मी तिच्यामागे उभी राहिले आणि स्क्रीनवर कुठे बघायचं, कुठली पट्टी नळाची, कुठली रेडिओची, ते तिला सांगत गेले. ती ऐकून बटणं हलवत गेली. चार वाजता ती थांबली आणि तिनं हेडफोन काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

म्हातारा आवाज. खरखरीत, सावकाश. "बघ त्याला. माझा पोरगा बघ." मग खुर्ची करकरली. "तू मशीनला हात लावू नकोस, वॉल्ट. हे सगळं आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मिस्टर वॉल्टर आले, बसले. फोन त्यांच्या पुतणीनं लावून दिला. डेनिस हॅलो म्हणाला, ते आम्हाला. भावाला नाही. मीनलनं टेप लावली, आणि मी डेनिसला आधीच सांगितलं की निवेदक ऐका, पण त्याच्या मागेही ऐका.

टेप थांबली.

"डॅड?" डेनिस म्हणाला.

"हो," मिस्टर वॉल्टर म्हणाले.

"तो असं बोलला?"

"हो."

"मला नाही कधी बोलला. त्या मॅचनंतर घरी आलो तर म्हणाला, बूट बाहेर काढ. मला वाटलं त्यानं ऐकलीच नाही मॅच. एकदाही नाही बोलला, वॉल्ट. जाईपर्यंत नाही."

"तुझ्याबद्दल मला सांगायचा," मिस्टर वॉल्टर म्हणाले. "रोज."

डेनिसनं काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही, कारण मिस्टर वॉल्टर उठून बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि मी पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागे गेले. पॅसेजच्या काचेतून खाली तळं दिसतं, तळ्याभोवती माणसं पळत असतात. काचेला डोकं टेकून ते उभे होते. आतून मीनलचा आवाज येत होता, ती डेनिसशी बोलत होती, हळू, नेमकं, जसं बोलायला हवं तसं. मला ते जमलं नसतं.

"तुमची मैत्रीण फार चांगली आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या माणसानं मला पहिल्यांदा नीट पाहिलं, असं वाटलं. "त्रास होतो?"

मी खोटं बोलू शकले नाही. "रोज," म्हटलं. मग विचारलं, "कमी होतो का हो, पुढे पुढे?"

आत डेनिस म्हणत होता, पुन्हा लाव. थोडं मागे घेऊन, पुन्हा लाव. आणि मग, थांबून, वॉल्ट कुठे गेला?

"अजून तरी नाही," मिस्टर वॉल्टर म्हणाले. बाटली माझ्या हातात परत दिली आणि दार ढकलून आत गेले.